पारड्यातली साक्ष

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावामागे नत्थूजी गणवीरांचं घर विचारलं की समोरचा माणूस आधी उलट विचारतो, "कोणते नत्थूजी? बारूदवाले का?" खरं सांगायचं तर त्या घरात दिवाळीची फुलबाजीसुद्धा कधी आली नाही. कांताबाईंना धुराचा त्रास, आणि नत्थूजींना आवाजाचा. पण चौतीस वर्षं माणूस दारूगोळ्याच्या कारखान्यात होता, तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांचं काम लोकांना सांगून पटत नसे. कारखान्यात काडतुसं यंत्रं भरायची, लाखांनी. पण ती बरोबर भरली गेली का, हे तपासायला ज्या काडतुसांशी तुलना करायची ती हाताने भरलेली असत. ती नत्थूजी भरायचे. एका लहानशा खोलीत, काचेच्या पेटीतल्या तराजूसमोर, चिमट्याने बारूदाचे दाणे एकेक करून पारड्यात सोडायचे. राईएवढा दाणा जास्त पडला तर काढायचा, कमी पडला तर टाकायचा. चौतीस वर्षं हेच. त्या खोलीत पंखा नव्हता. एकदा एका नव्या साहेबाला दया आली आणि त्याने टेबलफॅन आणून लावला. नत्थूजी उठले, हात जोडले, म्हणाले, "साहेब, पंखा इथं राहू द्या, मी भायेर बसतो." साहेब मुकाट्याने पंखा घेऊन गेला. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी ही गोष्ट ते महिन्यातून एकदा सांगतात, आणि कांताबाई महिन्यातून एकदा "झालं का जी?" म्हणतात.

त्या खोलीतली एक रीत मात्र त्यांनी कोणाला फारशी सांगितली नव्हती. काम संपलं की शेवटचं तोललेलं माप काडतुसात भरायचं नाही. ते पारड्यात तसंच ठेवायचं, वर जाळीचं झाकण घालायचं आणि घरी जायचं. सकाळी आल्याबरोबर आधी ते पुन्हा तोलायचं. वजन कालचंच भरलं तर कालचं काम खरं. फरक आला तर कालचा सगळा डबा बाद. याला ते "साक्ष ठेवणं" म्हणत. कागदावर हा नियम कुठेच नव्हता. त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलेला.

आता एवढ्या चिमूटभर बारूदाने काय बिघडतं, असं कोणाला वाटत असेल तर त्याने पायलला विचारावं. पायल त्यांची नात. आईवडील खाप्याला, बापाची तिथल्या शाळेत नोकरी, आणि पोरगी शिकायला म्हणून आजीआजोबांकडे. कॉलेजात कोणीतरी एअर रायफल हातात दिली आणि शिक्षण बाजूला पडलं. तेविसाव्या वर्षी ती तीनशे मीटरवर नेम धरू लागली. जमिनीवर पालथं झोपायचं, आणि गावाच्या वेशीएवढ्या लांब दिसणाऱ्या कागदावर साठ गोळ्या मारायच्या. मधला काळा ठिपका डोळ्याला तिळाएवढा दिसतो. तिथे बारूद जरा कमी पडलं की गोळी हातभर नाही, पण चार बोटं खाली जाते. अशा चार बोटांनी लोक आयुष्यभराचं घालवतात.

रायफल क्लबची होती. गावाबाहेर काटोल रस्त्याकडे क्लबची रेंज, रेंजमागे टिनाच्या छपराची एक खोली, आणि त्या खोलीत परवान्याने काडतुसं भरायची सोय. विकतची काडतुसं त्या रायफलला मानवत नव्हती. प्रत्येक रायफलची आपली आवड असते, असं नत्थूजी म्हणत. कोणाला मऊ भात लागतो, कोणाला फडफडीत. ती आवड शोधायला आजा आणि नात दोघांनी अख्खा हिवाळा घातला. नत्थूजी केसभर वजन बदलून पाच काडतुसं भरायचे, पायल ती मारायची, मग दोघं कागदावर वाकून भोकं बघायची. पुन्हा केसभर बदल, पुन्हा पाच. फेब्रुवारीत एका सकाळी पाचही भोकं एका लिंबाएवढ्या जागेत बसली. पायलने नाचून घेतलं. नत्थूजींनी चष्मा पुसला आणि आणखी पाच भरली. तीही तिथेच बसली, तेव्हा कुठे ते हसले. त्या दिवशी त्यांना स्वतःचा असा काही अभिमान वाटला की घरी जाऊन कांताबाईंना त्यांनी न मागता सुई ओवून दिली.

सुईचं सांगायला हवं. कांताबाई गोधड्या शिवतात. गांधीबागेच्या बाजारातून कापडाचे तुकडे आणायचे आणि दुपारभर टाके घालायचे. मोतीबिंदूनंतर त्यांना सुई ओवता येईना. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की त्या सुई आणि दोरा पुढे करतात आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे नत्थूजी एका झटक्यात ओवून देतात. या वयात हात इतका स्थिर, याचं शेजाऱ्यांनाही कौतुक.

मेच्या शेवटी भोपाळला निवड चाचणी होती. पायलची ही तिसरी. पहिले चार संघात जाणार. क्लबने स्पष्ट सांगून ठेवलं होतं की या खेपेलाही जमलं नाही तर रायफल दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल, अरुंधती म्हणून एक होती, तीही चांगली होती. क्लबचंही चूक नव्हतं. एक रायफल, आणि मारणारे पाच. पायलने हे घरी एकदाच सांगितलं आणि नंतर विषय काढला नाही. पण तेव्हापासून ती जेवताना ताटाकडे बघत जेवायची, हे नत्थूजींनी पाहिलं होतं.

तर नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ जाळत्या दिवसांतल्या, मंगळवारी नत्थूजी टिनाच्या खोलीत बसले. बाहेर सेहेचाळीस, आत किती हे विचारू नका. पायल काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या, म्हणजे केस, पुसून देत होती. दिवसभरात पहिला डबा झाला, तीस काडतुसं. साक्ष ठेवून उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पायलने खांद्याला धरलं म्हणून टेबलावर आदळले नाहीत.

"उद्या मी इथं कूलर लावतो," क्लबचा चौकीदार गोविंदा म्हणाला.

"काही नाही पाहिजे," नत्थूजी म्हणाले. "कूलरची हवा पारड्याले लागते."

"मंग त्याचं तोंड भिंतीकडे करू ना," पायल म्हणाली. "आबाजी, तुम्ही इथं पडले त आजी मले घरात घेईन का? ऑफिसातला कूलर मीच उचलून आणते. तुम्ही काही बोलू नका."

साहेबाला हात जोडून बाहेर काढणारा हा माणूस, पण नातीपुढे त्याचं काही चाललं नाही. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं. चौतीस वर्षांत त्या घामाबद्दल कोणी त्यांच्यावर असं रागावलं नव्हतं.

बुधवारी सकाळी साक्ष तोलली, बरोबर भरली. डब्यातली तीन काडतुसं पायलने मारून पाहिली, तीही बरोबर गेली. ती अर्थातच मंगळवारची होती. मग पायलने कूलर आणला, त्यातली वाळ्याची खस भिजवली, टाकीत बादल्या ओतल्या आणि कूलरचं तोंड भिंतीकडे वळवलं. नत्थूजींनी विडीच्या बंडलावरच्या कागदाची एक बारीक पट्टी पारड्यावर धरून पाहिली. हलली नाही. म्हणजे वारा लागत नाही. त्यांचं समाधान झालं. खोली गार झाली, खसाचा वास सुटला, आणि त्यांनी बुधवारी बसल्या बैठकीला दुसरा डबा पुरा केला. मधे दोनदा लाइट गेली, दोनदा आली. संध्याकाळी साक्ष ठेवायला गेले तर पायल म्हणाली, "आबाजी, आज चला. गाडी घेऊन अमोल सर थांबले आहेत." अमोल सर म्हणजे तिचे प्रशिक्षक. नत्थूजी साक्ष न ठेवताच उठले. गुरुवारी तिसरा डबा झाला. शेवटचं काम म्हणून त्यांनी त्या दिवशी मात्र आठवणीने एक माप पारड्यात ठेवलं, जाळी घातली आणि कूलर बंद केला.

शुक्रवारी पायल आणि अमोल सर गाडीने गेले. निघताना ती पाया पडली तेव्हा नत्थूजी एवढंच म्हणाले, "डबे नंबराने चालव बाई. पहिला पहिले."

चाचणी रविवारी सकाळी नऊला होती. रविवारी त्यांना चहाही गेला नाही. कांताबाईंची सुई ओवून दिली आणि बस पकडून ते क्लबवर गेले. कशाला गेले, त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी बसवेना, एवढंच. गोविंदाने खोली उघडून दिली. गुरुवारपासून बंद असलेली टिनाची खोली भट्टी झाली होती. पारड्यात साक्ष होती. आलोच आहे तर तोलावी, म्हणून त्यांनी काटा सोडला.

पारडं वर गेलं.

त्यांनी काटा थांबवला, पारडं फुंकलं नाही, हात लावला नाही. पेटीतली वजनं काढून तराजू तपासला. तराजू खरा होता. पुन्हा साक्ष तोलली. पुन्हा पारडं वर. एक दोन दाण्यांचा फरक नव्हता, नजरेला दिसेल एवढा होता. बारूद उडून गेलं नव्हतं, कोणी हात लावला नव्हता. मग हलकं कसं झालं?

त्यांनी मान वळवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा असलेला कूलर पाहिला. खस वाळून पिवळी पडली होती.

वाळली होती. साक्षही वाळली होती. म्हणजे गुरुवारी ती ओली होती.

नत्थूजी खाली बसले. वारा लागू नये म्हणून त्यांनी विडीचा कागद धरून पाहिला होता, आणि कूलर वाऱ्यासोबत पाणी फेकतो ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. नागपुरात कूलरला कोणी पाणी म्हणत नाही. कूलरची हवा म्हणतात. कारखान्यात पावसाळ्याचे चार महिने त्या खोलीत दमट हवा शिरू नये म्हणून ते दाराच्या फटीत चिंध्या कोंबायचे. कोंबायचेच ना? आणि इथे दोन दिवस खसाचा वास घेत बसले. बारूदाने पाणी प्यायलं. काट्यावर वजन बरोबर आलं, पण त्या वजनात बारूद कमी आणि पाणी जास्त. शिवाय लाइट जात येत होती, म्हणजे कोणतं काडतूस किती ओलं ते देवही सांगू शकणार नाही. मंगळवारचा डबा तेवढा कोरडा.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊ झाले होते.

त्यांनी बटणांचा फोन काढला आणि पायलला लावला. बंद. रेंजच्या फाटकावर फोन जमा करतात, हे त्यांना माहीत होतं, तरी तीनदा लावला. अमोल सरांचा लावला. तोही बंद. तिथल्या ऑफिसचा नंबर गोविंदाकडे नव्हता, कोणाकडेच नव्हता. सांगायचं तरी काय होतं? फार नाही. दुसरा डबा उघडण्याआधी थांब, एवढंच. तो डबा खाली मारणार, आणि सगळ्या गोळ्या सारख्या खाली मारणार नाहीत. तुझा दोष नाही, हे आधी ध्यानात ठेव. एवढं कानावर पडलं असतं तरी पोरगी सावध झाली असती.

"पायल, पहिल्या डब्यावर थांब," ते मोठ्याने म्हणाले.

"कोणाशी बोलून राहिले बाबूजी?" दारातून गोविंदाने विचारलं.

नऊ वाजले. पहिल्या डब्यात तीस होती, तीन इथेच चाचणीला गेली, सात सरावाच्या, वीस खऱ्या. पायल मिनिटाला एक गोळी मारते, हे त्यांना पाठ होतं. म्हणजे साडेनऊपर्यंत ती ठीक आहे. अर्धा तास ते घड्याळाच्या काट्याबरोबर तिला बघत राहिले. आता श्वास सोडला, आता बोट दाबलं, आता केस बाहेर पडली. साडेनऊ वाजले. आता दुसरा डबा उघडला असेल. त्यांनीच वर खडूने दोन लिहिलं होतं, वळणदार. पहिली गोळी खाली गेली असेल. तिला वाटलं असेल, माझं चुकलं. तिने नजर वर घेतली असेल, आणि पुढची नेमकी लाइट गेलेल्या वेळची, कोरडी, ती वर गेली असेल. चौतीस वर्षांत ज्याचा एक डबा बाद झाला नव्हता तो माणूस टिनाच्या खोलीत बसून एकेक गोळी वाया जाताना मोजत होता, आणि त्याला काही, काही करता येत नव्हतं. सव्वादहा वाजेपर्यंत ते तिथून उठले नाहीत. गोविंदाने पाणी आणून दिलं, तेही तसंच राहिलं.

पायल सोमवारी संध्याकाळी आली. नववी आली होती. बॅग दारातच ठेवून ती आजोबांच्या खाटेशी जमिनीवर बसली. रडली नाही, त्याचं नत्थूजींना जास्त वाईट वाटलं.

"पहिल्या वीसले मी दुसऱ्या नंबरवर होती आबाजी," ती म्हणाली. "मंग काय झालं मले समजलंच नाही. खाली जाऊन राहिल्या म्हणून वर घेतलं त वर गेली. अमोल सर म्हणतात, प्रेशर आलं की तुझा श्वास सुटतो. तिन्ही वर्षं तेच होऊन राहिलं. मी त्या लायकीचीच नाही. रायफल अरुंधतीले द्या म्हणून मी सरांना सांगून टाकलं."

"असं काहून सांगतलं?"

"मंग काय करू? मले मारता येत नाही, हे समजलं ना आता."

नत्थूजींनी रविवारपासून हजारदा ठरवलं होतं की खरं ते सांगायचं. बारूद ओलं होतं बाई, तू चुकली नाहीस. पण मग ती विचारणार, ओलं कसं झालं? आणि त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं. कूलर तिने उचलून आणला होता. बादल्या तिने ओतल्या होत्या, आपला आबाजी पडू नये म्हणून. हे ऐकल्यावर ती पोरगी पुन्हा कोणाच्या अंगावर मायेने हात तरी ठेवेल का? आणि न सांगावं तर ती स्वतःला नालायक समजून बसते. दोन्हीकडून तिचंच नुकसान. त्यांचा जीव नुसता तळमळत होता.

दारात कांताबाई गोधडी मांडीवर घेऊन ऐकत होत्या.

"तुह्या श्वासाचं काही नाही," नत्थूजी म्हणाले. "माह्या हाताचं आहे."

"म्हणजे?"

"हात थरथरते माहा. दोन महिने झाले. पहिल्या दिवशी जमलं, मंग थकलो. दुसरा नं तिसरा डबा कमीजास्त भरला गेला. मले दिसून राहिलं होतं, पण बोललो नाही. लाज वाटली वं."

आणि त्यांनी उजवा हात पुढे धरला. तो हात आयुष्यात कधी थरथरला नव्हता, म्हणून कसा थरथरवायचा हे त्यांना नीट माहीत नव्हतं. त्यांनी कोपर ताणलं आणि बोटं हलवली. पायलने त्या हाताकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी तो धरला, घट्ट, थांबवायला.

"आबाजी," ती म्हणाली, "आधी काहून नाही सांगतलं?" आणि आता ती रडली. पण रडता रडता तिचा चेहरा सैल झाला. दोन दिवसांचं काहीतरी उतरलं होतं त्यावरून. नत्थूजींनी ते पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं. त्याचबरोबर हेही दिसलं की तिने एकदाही, नाही आबाजी, तुमचा हात असा नाही, असं म्हटलं नाही. लगेच पटलं तिला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं कोणाला पटणार नाही?

"आता तुम्ही नका भरू काही," ती डोळे पुसत म्हणाली. "मी सरांना फोन करते, की माझं नव्हतं चुकलं. रायफल गेली त गेली. मी लहान रायफलवर पुन्हा सुरू करते. तुम्ही आराम करा फक्त." मग तिने उठून घरचा कूलर लावला, टाकीत दोन बादल्या ओतल्या, आणि त्याचं तोंड नीट त्यांच्या खाटेकडे वळवलं.

कांताबाईंनी दारातून तो हलणारा हात नीट पाहून घेतला होता. त्रेपन्न वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याचा हात माहीत नसेल तर कोणाला असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. पायल तिथेच पेपर वाचत बसली होती. कांताबाईंनी सुई काढली, दोऱ्याचं टोक ओलं केलं. नत्थूजींचा हात सवयीने पुढे आला. कांताबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग नत्थूजींकडे पाहिलं, आणि सुई पायलकडे दिली.

"घे वं, ओवून दे," त्या म्हणाल्या. "तुह्या आबाजीले आता नाही जमत."